हवेची गुणवत्ता आणि संक्षोभ : या संशोधनात उतरू इच्छिणाऱ्यांसाठी

हवेतील प्रदूषणाचे प्रमाण दोन गोष्टींवर ठरते : जमिनीवरून किती धूर, वायू आणि धूळ सोडली गेली, आणि हवेने ती किती उंचीपर्यंत मिसळून टाकली. पहिल्या गोष्टीची चर्चा सर्वत्र होते. दुसरी मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते, आणि नेमके तिथेच वातावरणशास्त्रज्ञाचे काम सुरू होते. जमिनीलगत ज्या थरात हवा सतत ढवळली जाते त्याला वातावरणाचा सीमास्तर म्हणतात. भर उन्हाच्या दुपारी हा थर दीड किलोमीटर उंच असेल आणि शांत, निरभ्र रात्री तोच दीडशे मीटरवर येत असेल, तर बाकी सर्व तसेच राहूनही तेवढाच धूर दहापट दाट होतो. लंडनमध्ये ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात जे विषारी धुके साचले, त्यामागे कोळशाचा धूर होताच. पण तो धूर इतके दिवस जागचा हलला नाही, याला कारण शहरावर ठाण मांडून बसलेला जास्त दाबाचा पट्टा आणि जमिनीलगतची तापमानाची विपरीतता, म्हणजे थंड हवेवर बसलेले उबदार हवेचे झाकण, हे होते. त्या धुक्याने सुमारे ४,००० माणसांचा बळी घेतला असा त्या वेळचा अंदाज होता, आणि पुढच्या काळातील अभ्यासांनी तो आकडा १२,००० च्या आसपास नेला.

प्रदूषके आणि ती वाहून नेणारी अस्थिर, भोवऱ्यांनी भरलेली हवा या दोहोंचा एकत्र अभ्यास करण्यात ज्यांना आयुष्याची काही वर्षे घालवायची आहेत, त्यांच्यासाठी हे लेखन आहे. हवेच्या या भोवरेदार, अनियमित गतीला शास्त्रात संक्षोभ, किंवा रोजच्या बोलण्यात टर्ब्युलन्स, म्हणतात. सुरुवातीलाच माझे मत मांडतो : या क्षेत्रात पुढे कोणतीही शाखा निवडली, तरी उपकरणातून निघालेल्या कच्च्या नोंदींशी स्वतःचा संबंध तुटू देऊ नये. पुढे जे सांगितले आहे ते बहुतेक याच एका आग्रहातून आलेले आहे.

पाया

पदवीला भौतिकशास्त्र, गणित, रसायनशास्त्र किंवा अभियांत्रिकी यांपैकी काहीही चालते. पदवीचे नाव फार महत्त्वाचे नाही. मात्र अवकल समीकरणे, सदिशांचे कलन, संख्याशास्त्र आणि उष्मागतिकी यांत हात बसलेला असावा. प्रवाहांचे गतिशास्त्र पदवीला शिकायला मिळाले नसेल, तर पदव्युत्तर शिक्षणात ते अवश्य घ्यावे. संगणकाच्या बाबतीत पायथन पुरेशी आहे, पण वातावरणाची मोठी प्रतिमाने (संगणकीय मॉडेल) आजही प्रामुख्याने फोरट्रानमध्ये लिहिलेली असल्यामुळे ती भाषा किमान वाचता यायला हवी. नेटसीडीएफ या, हवामानाच्या आकडेवारीसाठी वापरल्या जाणाऱ्या, स्वरूपातील फायली उघडणे, त्यांचे तुकडे करणे आणि जोडणे हे काम इतके नित्याचे आहे की ते पहिल्याच वर्षी अंगवळणी पाडून घ्यावे.

विषयाचा गाभा समजून घेताना तो कसा घडत गेला हे पाहिले, तर समीकरणे केवळ पाठ न होता कळतात. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची बारीक धार सोडून, संथ प्रवाह केव्हा विस्कटतो हे दाखवले, आणि १८९५ मध्ये वेगाचे 'सरासरी' आणि 'सरासरीपासूनचे विचलन' असे दोन भाग करण्याची रीत मांडली, जिच्यावर आजही आपली सारी मापने उभी आहेत. टायटॅनिक बुडाल्यानंतर, १९१३ मध्ये, हिमनगांवर नजर ठेवण्यासाठी उत्तर अटलांटिकमध्ये पाठवलेल्या स्कोशिया या जहाजावर जी. आय. टेलर होते. त्यांनी पतंगांना उपकरणे बांधून समुद्रावरील हवेचे तापमान निरनिराळ्या उंचींवर मोजले आणि भोवरे उष्णता कशी वर-खाली वाहून नेतात याचा सिद्धांत १९१५ मध्ये प्रसिद्ध केला. आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये मोठ्या भोवऱ्यांतील ऊर्जा लहान भोवऱ्यांकडे कशी झिरपते याचा नियम दिला, तर मोनिन आणि ओबुखोव्ह यांनी १९५४ मध्ये जमिनीलगतच्या हवेतील वेग आणि तापमान यांचे उंचीनुसार बदलणे एका सूत्रात बांधले. या सूत्राची कसोटी १९६८ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एका सपाट शेतात, ३२ मीटर उंचीच्या मनोऱ्यावर लागली. त्या प्रयोगातील एक प्रमुख शास्त्रज्ञ जगदीशचंद्रन कैमल हे मूळचे भारतीय होते, आणि संक्षोभाच्या वर्णपटांचे, म्हणजे कोणत्या आकाराच्या भोवऱ्यांत किती ऊर्जा आहे हे दाखवणाऱ्या आलेखांचे, त्यांनी १९७२ मध्ये मांडलेले वक्र आजही उपकरण बरोबर चालते आहे की नाही हे तपासण्यासाठी वापरले जातात.

या इतिहासात एक इशारा दडलेला आहे. आपली बरीचशी सूत्रे सपाट, एकसारख्या, मोकळ्या जमिनीवर तयार झाली आहेत. आणि माणसे ज्या हवेत श्वास घेतात ती मात्र इमारतींच्या, दऱ्यांच्या आणि किनाऱ्यांच्या आसपासची असते. कोणतेही सूत्र वापरताना ते कुठे तपासले गेले होते हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय विद्यार्थीदशेतच लावून घ्यावी.

अर्ध्या तासाची कच्ची नोंद

तयार फ्लक्स, म्हणजे दर चौरस मीटरमधून दर सेकंदाला वर किंवा खाली जाणारे वायूचे किंवा उष्णतेचे प्रमाण, आज तयार सॉफ्टवेअरमधून बटण दाबून मिळते. तरीही पहिला फ्लक्स स्वतःच्या हाताने काढावा, असे मी आग्रहाने सांगेन. सोनिक ॲनिमोमीटर ध्वनीच्या स्पंदांच्या साहाय्याने वाऱ्याचे तिन्ही घटक सेकंदाला १० वेळा मोजतो आणि शेजारचे वायुविश्लेषक यंत्र त्याच गतीने वायूचे प्रमाण नोंदवते. म्हणजे अर्ध्या तासात प्रत्येकी १८,००० नोंदी जमतात. उभ्या वेगाची सरासरी काढून ती प्रत्येक नोंदीतून वजा करावी, वायूच्या प्रमाणाचेही तसेच करावे, दोन्ही विचलनांचा प्रत्येक क्षणाचा गुणाकार करावा आणि त्या गुणाकारांची सरासरी घ्यावी. ही सरासरी म्हणजेच एडी कोव्हेरिअन्स पद्धतीचा फ्लक्स होय. वर जाणाऱ्या हवेत वायू जास्त आणि खाली येणाऱ्या हवेत कमी असेल तर उत्तर धन येते. म्हणजे जमीन तो वायू सोडते आहे.

पद्धत सांगायला इतकी सोपी आहे. अडचणी त्यानंतर सुरू होतात, आणि संशोधकाची खरी घडण त्याच अडचणींत होते. समजा, वारा सेकंदाला ३ मीटर वेगाने वाहतो आहे आणि उपकरण केवळ एका अंशाने कललेले आहे. तेवढ्यानेच आडव्या वेगाचा सुमारे ०.०५ मीटर प्रतिसेकंद इतका भाग उभा वेग म्हणून नोंदला जातो, आणि सरासरी उभा वेग तर जवळजवळ शून्य असायला हवा होता. म्हणून गणिताने अक्ष फिरवून घ्यावे लागतात. वायू नळीतून ओढून मोजला जात असेल तर त्याची नोंद वाऱ्याच्या नोंदीमागे काही सेकंदांनी येते. दोन्ही नोंदी एकमेकींवर सरकवून, कोणत्या अंतराला त्यांचा संबंध सर्वांत घट्ट दिसतो ते शोधावे लागते. हवा तापून विरळ झाल्यामुळे वायूच्या घनतेत जो खोटा चढउतार दिसतो, त्याची दुरुस्ती वेब, पिअरमन आणि ल्युनिंग यांनी १९८० मध्ये दिली. ती विसरल्यास कार्बन डायऑक्साइडच्या फ्लक्सचे चिन्हसुद्धा उलटे येऊ शकते.

यानंतर वर्णपट काढावा. दोन्ही अक्ष लॉगरिदमी घेतल्यावर मधल्या वारंवारितांच्या पट्ट्यात वक्राचा उतार उणे ५/३ च्या जवळ हवा. उच्च वारंवारितेकडे वक्र सपाट होत असेल तर तो उपकरणाचा गोंगाट आहे. अपेक्षेपेक्षा वेगाने खाली कोसळत असेल तर नळीच्या भिंतींनी किंवा गाळणीने लहान भोवऱ्यांची खूण पुसून टाकली आहे. मी अनेक चांगल्या विद्यार्थ्यांना थेट अंतिम आलेखाकडे जाताना पाहिले आहे, आणि दर वेळी त्यांना परत या वक्राकडे आणावे लागले आहे, कारण उपकरणाचे आजारपण सरासरीत दिसत नाही, ते इथे दिसते. आणि सगळे ठीक असले तरी एका अर्ध्या तासाच्या फ्लक्समध्ये १० ते २० टक्क्यांची यादृच्छिक अनिश्चितता राहतेच, कारण तेवढ्या वेळात मोठे भोवरे मोजकेच येऊन जातात. ती अनिश्चितता आकड्याशेजारी लिहावी.

प्रश्न कसा निवडावा

'वायुप्रदूषण आणि हवामान' हा प्रश्न नव्हे, तो विषय आहे. प्रश्न असा असावा की ज्याचे उत्तर 'नाही' असेही येऊ शकेल आणि ते कोणत्या मापनाने ठरेल हे आधीच सांगता येईल. दोन क्षेत्रे मला विशेष समृद्ध वाटतात.

पहिले क्षेत्र रात्रीचे आहे. सूर्यास्तानंतर जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा जड होते आणि संक्षोभ दबतो. वाऱ्यातील फरक भोवरे निर्माण करू पाहतो आणि हवेचे स्थैर्य ते विझवू पाहते; या दोन बळांचे गुणोत्तर रिचर्डसन अंकाने मोजतात. वारा मंद असेल तर संक्षोभ सलग न राहता अधूनमधून उसळतो, तासभर सारे निपचित असते आणि मग काही मिनिटांत वरची स्वच्छ हवा खाली येते किंवा खालचा साचलेला धूर वर फेकला जातो. अर्ध्या तासाची सरासरी अशा वेळी जवळजवळ निरर्थक ठरते, नेहमीची सूत्रे हात टेकतात, आणि मापकावरचे पीएम २.५ चे, म्हणजे २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक कणांचे, आकडे मात्र याच वेळी सर्वाधिक असतात. संध्याकाळची गर्दीची वेळ सकाळच्या किंवा दुपारच्या तेवढ्याच वाहतुकीपेक्षा अधिक वाईट का ठरू शकते, सूर्योदयानंतर वर अडकलेला धूर एकदम जमिनीवर का उतरतो, आणि प्रतिमाने रात्रीचा थर खऱ्यापेक्षा अधिक ढवळलेला का दाखवतात, यांतील प्रत्येक प्रश्नावर एकेक प्रबंध उभा राहू शकतो.

दुसरे क्षेत्र रसायन आणि भोवरे यांच्या सांध्यावर आहे. वाहनांतून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड हवेतील ओझोनशी संयोग पावून नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. हवेत ओझोनचे प्रमाण अब्जात ४० भाग असेल, तर या रूपांतराला साधारण एक मिनिट लागते. दुपारच्या सीमास्तरातील मोठ्या भोवऱ्याला तळापासून माथ्यापर्यंत जाऊन येण्यास मात्र १० ते २० मिनिटे लागतात. म्हणजे वायू पुरते मिसळण्याआधीच त्यांच्यातील क्रिया होऊन जाते, आणि वर जाणाऱ्या झोतात एक वायू तर खाली येणाऱ्या झोतात दुसरा, अशी विभागणी होते. बहुतेक प्रतिमाने आपल्या जाळीच्या एका चौकोनातील हवा पूर्ण मिसळलेली आहे असे गृहीत धरतात, आणि रस्त्यालगतच्या पट्ट्यात हे गृहीतक सर्वांत दुबळे असते. दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या रस्त्यावर आडवा वारा वाहू लागला की छतांच्या पातळीखाली एक फिरता भोवरा अडकतो. त्यामुळे रस्त्याच्या एका बाजूच्या पदपथावरची हवा दुसऱ्या बाजूपेक्षा कितीतरी मलिन असू शकते. मापक कोणत्या पदपथावर ठेवला आहे यावरून संपूर्ण रस्त्याविषयीचा निष्कर्ष बदलतो, हे अशा अभ्यासात उतरणाऱ्याने पहिल्या दिवसापासून मनात ठेवावे.

मापक आणि प्रतिमाने

कमी किमतीचे कणमापक आता सहज मिळतात आणि ते उपयोगीही आहेत, पण ते कणांचे वजन करत नाहीत. कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजून त्यावरून वजनाचा अंदाज बांधतात. सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे गेली की कण पाणी शोषून फुगतात आणि मापक वाढीव आकडा देतो. म्हणून असा प्रत्येक मापक प्रमाणित उपकरणाच्या शेजारी, एकापेक्षा अधिक ऋतूंत, ठेवून पडताळावा आणि मगच दूरच्या जागी बसवावा. ही पडताळणी कंटाळवाणी वाटते, निधी देणाऱ्यांना ती दिसत नाही, पण तिच्याशिवाय मिळालेल्या शेकडो मापकांच्या नकाशाला काही अर्थ राहत नाही.

प्रतिमानांच्या बाबतीत प्रत्येकाचे माप वेगळे आहे हे ओळखावे. डब्ल्यूआरएफ आणि त्याला रसायन जोडलेले डब्ल्यूआरएफ-केम यांसारखी प्रतिमाने प्रदेशाचा विचार करतात आणि संक्षोभ सूत्ररूपाने, अप्रत्यक्षपणे, सामावून घेतात. लार्ज एडी सिम्युलेशन या पद्धतीत मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवले जातात आणि फक्त लहान भोवऱ्यांसाठी सूत्र वापरले जाते. जेम्स डीअरडॉर्फ यांनी १९७० च्या सुमारास ही वाट रुंद केली आणि आज जर्मनीत विकसित झालेले पाम हे प्रतिमान शहरातील एकेका इमारतीभोवतीचा प्रवाह दाखवू शकते. माझा सल्ला असा की एक प्रतिमान आतून, त्याच्या मूळ संहितेसह, ओळखीचे करावे आणि दुसरे केवळ वापरण्यापुरते शिकावे. प्रतिमानाचे उत्तर मापनाशी जुळले तर ते योग्य कारणासाठी जुळले का, हेही तपासावे : उत्सर्जन कमी धरले आणि मिश्रणाची उंचीही कमी धरली, तर दोन चुका एकमेकींना झाकतात आणि जमिनीवरचा आकडा अगदी बरोबर दिसतो. सीमास्तराची उंची लायडार, सिलोमीटर (ही दोन्ही लेसरच्या साहाय्याने मोजणारी उपकरणे) किंवा हवामान-फुग्यांच्या नोंदींवरून स्वतंत्रपणे पडताळली, तरच ही गोम उघड होते.

मार्गदर्शक, प्रबंध आणि लेख

पीएच.डी.ला देशानुसार तीन ते सहा वर्षे लागतात. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या लेखांच्या संख्येपेक्षा, त्यांच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष मोजणी करण्याची संधी मिळते का आणि आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत, हे विचारावे. त्या विद्यार्थ्यांशी बोलल्याशिवाय होकार देऊ नये. प्रबंधाच्या पहिल्या वर्षात एखाद्या मोजणी-मोहिमेवर जाणे शक्य असेल, तर इतर कामे बाजूला ठेवून जावे; मनोऱ्यावर चढून केबल बांधणाऱ्याला नंतर आकड्यांतील विचित्र टोके लगेच ओळखता येतात.

लेखांसाठी बाउंडरी-लेअर मीटिऑरॉलॉजी, ॲटमॉस्फेरिक एन्व्हायरन्मेंट आणि ॲटमॉस्फेरिक केमिस्ट्री अँड फिजिक्स ही नियतकालिके या क्षेत्रात सर्वमान्य आहेत. शेवटच्या नियतकालिकात परीक्षकांचे अभिप्राय आणि लेखकांची उत्तरे सर्वांना वाचता येतात. नवख्याने स्वतःचा लेख पाठवण्यापूर्वी अशा काही चर्चा सावकाश वाचाव्यात, कारण परीक्षक कुठे बोट ठेवतात आणि त्याला सभ्यपणे, मुद्देसूद उत्तर कसे द्यावे हे तिथे जसे कळते तसे कोणत्याही कार्यशाळेत कळत नाही. लेखकांच्या नावांचा क्रम आणि कोणी काय करायचे हे काम सुरू होतानाच लिहून ठेवावे.

लोकांशी आणि धोरणकर्त्यांशी बोलताना

या विषयातील संशोधकाला कधी ना कधी विचारले जाते : हवा सुधारली का? उत्तर देण्यापूर्वी वाऱ्याचा आणि पावसाचा वाटा वेगळा काढलाच पाहिजे. आठवडाभर जोरदार वारा वाहिला तर प्रमाण घटते, पण उत्सर्जन तसूभरही कमी झालेले नसते. आणि शांत हिवाळ्यात एखादा चांगला निर्णयही निष्फळ ठरल्यासारखा दिसतो. त्यासाठी हवामानाचा परिणाम सांख्यिकी पद्धतीने काढून टाकून उरलेला कल पाहतात. २०२० मधील टाळेबंदीच्या काळात जगभरातील शहरांसाठी अशी विश्लेषणे झाली, आणि हवेतील घट किती प्रमाणात वाहतूक थांबल्यामुळे होती आणि किती ऋतूमुळे, हे त्यामुळेच सांगता आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठीचे वार्षिक मार्गदर्शक मूल्य घनमीटरला १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणले. अशा आकड्यांच्या संदर्भात बोलताना आपले मापन कोणत्या उंचीवरचे, किती वेळाच्या सरासरीचे आणि किती अनिश्चिततेचे आहे हे एका वाक्यात सांगण्याचा सराव करावा. माणसांच्या श्वासाशी संबंध असलेल्या विषयात अतिशयोक्तीही नको आणि भिडस्तपणाही नको.

पुढची वाट

विद्यापीठातील अध्यापनाची पदे थोडी असतात आणि त्यांच्याआधी बहुधा दोन-तीन वर्षांच्या एक किंवा अधिक पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या, नेमणुका कराव्या लागतात. राष्ट्रीय हवामान संस्था, प्रदूषण नियंत्रण यंत्रणा, उपकरणे बनवणाऱ्या कंपन्या, पवनऊर्जा आणि विमान वाहतूक या सर्वांना संक्षोभ समजणारी माणसे लागतात, म्हणून अध्यापनाबाहेरच्या वाटेला दुय्यम मानण्याचे कारण नाही. या सर्व ठिकाणी एक गोष्ट सारखीच पारखली जाते : या व्यक्तीच्या नोंदींवर दुसऱ्याला विसंबता येईल का.

म्हणून पहिल्या मोहिमेपासूनच कच्च्या नोंदी, दुरुस्तीपूर्वीच्या, सेकंदाला १० वेळा घेतलेल्या, दोन वेगळ्या ठिकाणी जतन कराव्यात आणि त्यांच्यासोबत एक साधी मजकूर-फाइल ठेवावी. तिच्यात उपकरणाची जमिनीपासूनची उंची, आसपासच्या इमारतींची किंवा झाडांची उंची, ॲनिमोमीटरचे तोंड कोणत्या दिशेला होते ती दिशा अंशांत, वायू ओढणाऱ्या नळीची लांबी आणि व्यास, शेवटचे कॅलिब्रेशन कधी झाले ती तारीख, आणि वेळ कोणत्या कालविभागाची आहे हे लिहावे. शक्यतो यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, वापरावी, आणि अर्ध्या तासाला दिलेला वेळ त्या अर्ध्या तासाच्या सुरुवातीचा आहे की शेवटचा हेही न विसरता नमूद करावे.